पाण्याला वाट हवी

चैत्र-वैशाखाची उन्हं तापली, की आमच्या सरकारी दवाखान्यात जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची रांग वाढते. अशाच एका दुपारी परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या बाजूची एक आजी दीड वर्षाच्या नातवाला खांद्यावर टाकून आली. पोराला दोन दिवस जुलाब होते. आदल्या रात्रीपासून तो सारखा पाणी मागत होता, रडत होता, आणि हात लावला तरी दचकत होता.

‘‘पाकीट पाजलंय ओ डाक्टर, तरी गुण न्हाई,’’ आजी म्हणाली.

‘‘किती पाण्यात कालवलं होतं, आजी?’’

तिनं पिशवीतून स्टीलचा पेला काढून दाखवला. ‘‘ह्याच्यात. पातळ केल्यावर गुण कसा यायचा? म्हनून अख्खं पाकीट एकाच पेल्यात टाकलं.’’

ते पाकीट एक लिटर पाण्यासाठी होतं. पेल्यात जेमतेम २०० मिलिलिटर पाणी मावत होतं. म्हणजे औषध पाचपट घट्ट झालं होतं. एक लिटरमध्ये नीट कालवलेल्या ओआरएसमध्ये सोडियमचं प्रमाण ७५ मिलिमोल असतं. आजीच्या पेल्यात ते ३७५ झालं होतं. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ४७० असतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दुष्काळी परंड्यात, आजीनं मायेपोटी नातवाला जवळजवळ समुद्राचं पाणी पाजलं होतं.

मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढलेलं निघालं. ते घाईनं उतरवलं तर मेंदूला सूज येते, म्हणून दोन दिवस हळूहळू उतरवावं लागलं. पोरगा बरा होऊन घरी गेला. जाताना आजीनं विचारलं, ‘‘मीठपान्यानंच माणूस वाचतो म्हनता, अन् मीठपान्यानंच पोरगं आजारी पडलं. ह्ये कसं?’’

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात संपत नाही. समुद्र खारट का, नदी गोडी का, आपल्या बोअरचं पाणी मचूळ का, आणि लघवी कमी झाली की डॉक्टर का घाबरतात, या सगळ्यांचं उत्तर शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतं.

शंभर लिटरची टाकी

आधी हिशेब करू. पृथ्वीवरचं सगळं पाणी शंभर लिटरच्या एका टाकीत भरलं आहे असं समजा. त्यातलं साडेसत्त्याण्णव लिटर पाणी खारं. उरलं अडीच लिटर गोडं. या अडीच लिटरपैकी जवळपास पावणेदोन लिटर अंटार्क्टिका, ग्रीनलंड आणि उंच डोंगरांवरच्या बर्फात गोठलेलं आहे. पाऊण लिटर जमिनीखाली आहे. जगातली सगळी गोड्या पाण्याची सरोवरं आणि नद्या मिळून हिशेब सात मिलिलिटरच्या आसपास येतो, म्हणजे चहाचा दीड चमचाही भरत नाही.

आणि नुसत्या नद्या? सलाइनच्या नेहमीच्या नळीतून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. त्या मापानं गंगा, ॲमेझॉन, नाईल, गोदावरी, कृष्णा आणि आपली सीना, सगळ्या नद्यांत या क्षणी वाहणारं पाणी मिळून तीन थेंब. शंभर लिटरमध्ये तीन थेंब. त्या तीन थेंबांवर जगातली कितीतरी शहरं वसली आहेत.

मग हे तीन थेंब संपत कसे नाहीत? कारण ते साठा नाहीत, ती फेरी आहे. सूर्याच्या उष्णतेनं समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जातं, मीठ मात्र खालीच राहतं. मिठागरात आपण मीठ मिळवण्यासाठी पाणी उडवून देतो. निसर्ग तेच काम उलट्या हेतूनं करतो: पाणी उचलतो, मीठ टाकून देतो. पाऊस म्हणजे समुद्राचंच पाणी, फक्त गाळून आलेलं.

सोनारीच्या थेंबाचा प्रवास

सोनारी म्हटलं की लोकांना काळभैरवनाथाचं मंदिर आणि देवळाभोवती निर्धास्त फिरणारी माकडं आठवतात. मला त्या गावाचा भूगोल आठवतो.

जूनमध्ये अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीला धडकतात आणि बहुतेक पाणी तिथंच रितं करतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडून आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचताना ढग थकलेले असतात. इथं चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर, आणि वाईट वर्षी त्याच्या निम्मं. परंड्याची बाजू तर त्यातही कोरडी.

सोनारीच्या शिवारात पडलेला थेंब ओढ्यानं सीनेकडे जातो. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात, परंड्याच्या कडेनं वाहते, सीना-कोळेगाव धरणात थांबते, पुढं सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. मराठीतला एक अतिशय जुना शिलालेख याच संगमावरच्या देवळात आहे. भीमा पुढं रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. म्हणजे पश्चिमेच्या समुद्रातून उठलेला थेंब सोनारीच्या शेतात टेकतो आणि पूर्वेच्या समुद्रात जाऊन मिळतो. मधला सगळा प्रवास गोड्या पाण्याचा, दोन्ही टोकं खारी.

आपल्याच जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब मात्र मांजरा किंवा तेरणेत जातो आणि गोदावरीच्या वाटेनं समुद्र गाठतो. डोंगराच्या माथ्यावर हातभर अंतरानं पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या नद्यांचे होतात. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. निसर्गानं जे डोंगरानं वेगळं केलं होतं, ते कृष्णेचं पाणी माणसानं रुळांवरून मांजरेच्या खोऱ्यात नेलं. एका शहराला काही दिवस पुरेल इतकं गोडं पाणी मिळवायला केवढा खटाटोप करावा लागतो, हे तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं.

भारताच्या दोन बाजूंचे दोन समुद्रही सारखे खारट नाहीत. अरबी समुद्रावरून बाष्पीभवन खूप होतं आणि त्याला मिळणाऱ्या मोठ्या नद्या थोड्या. त्यामुळे त्याच्या एक लिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार असतात. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा येऊन मिळतात. त्यामुळे त्याच्या उत्तर भागात हे प्रमाण बरंच कमी भरतं. आपल्या ओढ्याचं पाणी त्या समुद्राला थोडंसं गोडं करतं म्हणायला हरकत नाही. नदीचं जे पाणी समुद्राला मिळतं ते ‘वाया गेलं’ असं आपण म्हणतो. पण नदी आटली, धरणांतून पुढं पाणी सुटलंच नाही, की मुखापाशी समुद्र आत सरकतो आणि त्रिभुज प्रदेशातल्या विहिरी खारट होतात. समुद्राला मिळणारं पाणी समुद्राला थोपवण्याचं काम करत असतं.

लोणारचा धडा

नद्या गोड्या आणि त्यांनीच भरलेला समुद्र खारट, हे कोडं उकलायला लोणारला जावं.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्कापातानं बेसॉल्टच्या खडकात पडलेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर धारेला गोड्या पाण्याचा झरा आहे, लोक तिथं श्रद्धेनं स्नान करतात. तेच पाणी उतारानं खाली सरोवरात जातं आणि सरोवराचं पाणी मात्र खारट आणि कडक अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. वर गोडं, खाली खारं, मधे काही पावलांची वाट.

कारण असं आहे. पावसाचं पाणी खडकावरून, मातीतून झिरपताना थोडे थोडे क्षार विरघळवून घेतं. झऱ्याच्या पाण्यातही ते असतात, पण इतके कमी की जिभेला कळत नाहीत. लोणारच्या विवरात पाणी येतं चारी बाजूंनी, बाहेर जायला ओढा नाही. पाणी उडून जातं, क्षार राहतात. हजारो वर्षं असं झालं की सरोवर खारट होतं. २०२०च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झालं तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता, आणि अशा पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपल्या रंगद्रव्यानं सरोवर रंगवलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

समुद्र म्हणजे फार मोठं लोणार. सगळ्या नद्या त्यात येतात, त्यातून एकही बाहेर जात नाही. कोट्यवधी वर्षं नद्या खडकांतले क्षार आणून टाकताहेत, त्यात समुद्रतळाच्या ज्वालामुखींची भर. काही क्षार गाळाबरोबर तळाशी बसतात, म्हणून खारटपणा वाढतच जात नाही, पण लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास टिकून राहतो.

यातून एक सोपा नियम हाती येतो. ज्या पाण्याला बाहेर जायला वाट आहे ते गोडं राहतं. ज्याची वाट बंद, ते खारट होतं.

हाच नियम शेतात दिसतो. उसाला पाटानं भरमसाट पाणी दिलं, काळ्या जमिनीतून निचरा झाला नाही, की उन्हानं पाणी उडतं आणि पांढरे क्षार वर फुटतात. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठची चांगली चांगली रानं अशी क्षारपड झाली. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं खारपाणपट्ट्यात येतात. तिथल्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या आहेत आणि लोक पावसाचं पाणी जपून ठेवतात. धरणं वाढली, कालवे आले तर परंड्यातल्या शेतकऱ्यांनीही आधी निचऱ्याच्या चराचा विचार करावा, असं मला डॉक्टर असूनही सांगावंसं वाटतं.

शरीरातला समुद्र

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३६ लिटर पाणी असतं. त्यातलं २४ लिटर पेशींच्या आत आणि १२ लिटर बाहेर. रक्तातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर. आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त, बाहेरच्या पाण्यात सोडियम. म्हणून घामाची चव खारट लागते, अश्रूंची खारट लागते. सलाइनच्या बाटलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं, तेही याच बाहेरच्या पाण्याशी जुळावं म्हणून.

काकडीची कोशिंबीर करताना मीठ घातलं की थोड्या वेळानं ताटलीत पाणी सुटतं. मीठ बाहेर जास्त झालं, म्हणून काकडीच्या पेशींतलं पाणी बाहेर आलं. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की उलट घडतं, त्या फुगतात. पाणी नेहमी कमी खारटाकडून जास्त खारटाकडे जातं. आजीच्या नातवाचं हेच झालं. रक्त जास्त खारट झालं, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं गेलं, मेंदूच्या पेशी आकसल्या. म्हणून तो चिडचिडा झाला, म्हणून त्याची तहान भागेना.

समुद्रात भरकटलेला माणूस चारी बाजूंना पाणी असून तहानेनं मरतो तो यामुळेच. समुद्राच्या एक लिटर पाण्यातलं मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना दीड लिटरच्या आसपास लघवी करावी लागते. प्यायलं एक लिटर, गेलं दीड. प्रत्येक घोटागणिक माणूस जास्त कोरडा होतो.

मूत्रपिंडं हीच आपल्या अंगातल्या पाण्याची वाट. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर सोडतात. ती वाट बंद झाली की माणसाचं लोणार होतं. मीठ साचतं, पोटॅशियम साचतं, पायावर सूज येते, दम लागतो. मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या यंत्रानं ती वाट बाहेरून काढून द्यावी लागते. मूत्रपिंडं निकामी होण्याची आपल्याकडची मोठी कारणं मधुमेह आणि रक्तदाब हीच आहेत. दोन्ही वेळेवर तपासले तर ही वेळ टाळता येते.

मग मीठपाण्यानं माणूस वाचतो कसा? आतड्याच्या आतल्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांचं एक जोड-दार आहे. दोघं बरोबर आले तर ते उघडतं आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये ही कल्पना मांडली. जुलाबात आतड्यातली बाकी दारं बिघडली तरी हे दार चालू राहतं. १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३मध्ये, मरणोत्तर.

या औषधाचा सगळा जीव मापात आहे. बरोबर मापात ते दार उघडतं, पाचपट घट्ट झालं की तेच पाणी बाहेर ओढतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. अशक्तपणा वाटला की पुष्कळ जण म्हणतात, ‘‘एक सलाइन लावा, डॉक्टर.’’ अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि ताकद देणारं काहीही नसतं. साखरेच्या सलाइनमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे एका भाकरीइतकीही ऊर्जा नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला गरज नसताना बाटली लावली, तर दिवसभराचं मीठ अर्ध्या तासात रक्तात जातं. जो तोंडानं पिऊ शकतो, त्याला बहुतेक वेळा सलाइनची गरज नसते.

बोअरचं पाणी

आपल्याकडे खारट पाणी येतं ते समुद्रातून नव्हे, जमिनीतून. मराठवाड्याखाली बेसॉल्टचे थर आहेत. वरच्या मुरमात आणि भेगांत पावसाचं ताजं पाणी साठतं, ते आडाला, विहिरीला येतं. बोअर जसजशी खोल जाते, तसतसं पुष्कळदा जुनं पाणी लागतं. ते खडकात जास्त काळ मुरलेलं असतं, त्याला वाहायला वाट थोडी असते, म्हणून त्यात क्षार जास्त. नियम तोच, लोणारचा.

बायकांना हे प्रयोगशाळेच्या आधी कळतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. हे जड पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. ‘जड पाण्यानं मुतखडा होतो’ असं सगळे म्हणतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. मुतखड्याचं खात्रीचं कारण आहे कमी पाणी पिणं. पाणी बेचव लागतं म्हणून माणूस कमी पितो, उन्हात राबतो, घाम गाळतो आणि दोष पाण्याला देतो. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्यावं.

पाण्यातलं सोडियम मात्र मोजण्यासारखं आहे. समजा एका बोअरच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि उन्हाळ्यात माणूस चार लिटर पितो. दिवसाला १६०० मिलिग्रॅम सोडियम झालं, म्हणजे चार ग्रॅम मीठ, जेवणाच्या आधीच. बांगलादेशात किनारपट्टीवरच्या दाकोप भागात खारट पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांमध्ये वाढलेल्या रक्तदाबाशी पाण्यातल्या मिठाचा संबंध संशोधकांना आढळला. आपल्याकडे गोळ्या चालू असूनही रक्तदाब उतरत नसेल, तर मी लोणचं-पापड विचारतो, तसंच ‘पाणी कुठलं पिता?’ हेही विचारतो.

चवीला न कळणारे दोन धोके वेगळे आहेत. एक फ्लोराइड. लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त असेल तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, फार जास्त असेल तर वर्षानुवर्षांनी हाडं आणि सांधे ताठरतात. दुसरा नायट्रेट, खतांतून आणि शौचखड्ड्यांतून झिरपणारा. ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली तर बाटलीच्या दुधावर असणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्या, वर पाणीसुद्धा नको, असं आम्ही सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट: खारं म्हणजे घातक आणि गोडं म्हणजे सुरक्षित, हे समीकरण सोडून द्या. जुलाब, कावीळ, विषमज्वर होतात ते जंतूंमुळे, आणि जंतूंना चव नसते. गोड्या चवीच्या आडातलं पाणी साथ पसरवू शकतं आणि थोडं मचूळ पण क्लोरिन टाकलेलं पाणी निर्धोक असू शकतं.

दुसरी: कोणत्या उपायानं काय जातं ते लक्षात ठेवा. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्यानं थोडे वाढतात. तुरटीनं गढूळपणा बसतो, फ्लोराइड आणि नायट्रेट राहतात. टीसीएल पावडरनं जंतू मरतात. गावात जलसुरक्षक ओटी चाचणी करतो, पाणी पिवळं झालं तर क्लोरिन शिल्लक आहे. पिवळं झालं नाही तर ग्रामपंचायतीला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरी: पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीकडे क्षेत्रीय तपासणी संच असतो. नीट तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. ५००च्या आत असतील तर आरओ यंत्राची गरज नाही. ते असलेले चांगले क्षारही काढून टाकतं.

चौथी: आरओ लागतच असेल, तर त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार करा. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी फेकतं, आणि त्यात काढलेले सगळे क्षार असतात. जिथं गावोगावी आरओ केंद्रं झाली आहेत, तिथं ते पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर त्याच बोअरकडे परत जातं. घरचं असेल तर फरशी पुसायला, भांडी घासायला, संडासात वापरा. पिकाला किंवा विहिरीशेजारी नको.

पाचवी: पावसाचं पाणी ही फुकट मिळालेली गाळणी आहे. पत्र्याचं पहिलं पाणी सोडून द्या, पुढचं टाकीत किंवा विहिरीच्या पुनर्भरणाला घाला. खोल जुन्या पाण्यात ताजं पाणी मिसळलं की खारटपणा उतरतो.

आणि सहावी, जिच्यापासून सुरुवात झाली ती: ओआरएसचं पाकीट वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं, लहान २०० मिलिलिटरचं. जितकं लिहिलंय तितक्याच स्वच्छ पाण्यात अख्खं पाकीट टाका. कमी पाणी नको, जास्त नको, दूध-सरबत नको. चमच्या-चमच्यानं पाजा, उरलेलं २४ तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. जुलाब झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या. मूल सुस्त झालं, पीत नसेल, सहा-सात तास लघवी झाली नसेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

त्या आजीला मी निघताना आमच्या वॉर्डातली रिकामी एक लिटरची बाटली दिली आणि काठापाशी चिकटपट्टीनं खूण करून दिली. महिन्याभरानं ती दुसऱ्याच कामासाठी आली, तेव्हा म्हणाली, ‘‘डाक्टर, ती बाटली आता गल्लीतल्या पाच घरांत फिरती. कुणाच्या बी लेकराला जुलाब लागलं की माझ्याकडं मागाया येत्यात.’’

मी विचारलं, ‘‘आणि पेला?’’

‘‘पेल्यात आता च्या पिते,’’ ती म्हणाली.